पाडव्याची ओवाळणी आणि विश्वकर्म्याचे चाक

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपल्या घरांत तीन नावे आहेत. बळीराजाच्या स्मरणाने ती बलिप्रतिपदा. कैलासावर पार्वतीने शंकराला द्यूतात जिंकले, या आख्यायिकेने ती द्यूतप्रतिपदा. आणि आयाबहिणींच्या तोंडी तो नुसता पाडवा. साडेतीन मुहूर्तांत त्याची गणना होते. या दिवशी पत्नी पतीला ओवाळते आणि पती तिच्या तबकात ओवाळणी घालतो. ओवाळणीत काय घालावे, याचा शास्त्राने नियम केलेला नाही. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे रुपया, लुगडे, एखादा डाग, असे चालत आले आहे.

आम्ही चाळीस वर्षे कीर्तनसेवा करीत आलो. कार्तिकमास म्हणजे आमचा फिरतीचा महिना. काकडआरती, हरिनाम सप्ताह, गावोगावचे उत्सव. त्यामुळे लग्नानंतरच्या पाडव्यांपैकी घरी घालवलेले पाडवे बोटांवर मोजण्याइतकेच. मिळालेल्या बिदागीतून परतल्यावर सौभाग्यवतींच्या हाती काही रक्कम ठेवावी, एवढीच आमची ओवाळणी. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि तक्रार नाही म्हणजे उणीव नाही, असा सोयीचा सिद्धान्त आम्ही करून ठेवला होता. मागील वर्षी तो सिद्धान्त कसा मोडला, हे आज सांगावयाचे आहे.

डब्यातला गुंता

मागील वर्षी नवरात्रातील गोष्ट. पहाटे चिंतामणीच्या दर्शनाला जावयाचे होते. कळंबचे हे गणेशस्थान विदर्भातील भाविकांना ठाऊक आहेच. मूर्ती भूमीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून दर्शन घ्यावयाचे, आणि जवळच कुंड. काही वर्षांनी त्या कुंडाचे पाणी चढून देवाच्या चरणांना लागते, तेव्हा सारा पंचक्रोशीचा लोक लोटतो. आम्ही दाराशी ताटकळलो होतो. सौ. दिव्याजवळ बसून पत्र्याच्या एका डब्यातून मोहनमाळ सोडवीत होत्या. माळेत वजरटिकेचा गोंडा अडकलेला, गोंड्यात नथीचा आकडा, आणि तिन्ही मिळून एका जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुरफटलेली. आम्ही म्हणालो, “अगं, उशीर होतोय.” त्या म्हणाल्या, “अहो, चाळीस वर्षं हा डबा असाच आहे. आजच का दिसला तुम्हांला?”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले. त्याच दिवशी ठरविले की येत्या पाडव्याला ओवाळणी म्हणून दागिने टांगून ठेवण्याचा एक लाकडी स्तंभ करावयाचा, आणि तो विकत न आणता स्वतःच्या हाताने कातून करावयाचा. विजयादशमी ते पाडवा एकवीस दिवस. खंडेनवमीला कारागिरांची हत्यारे पुजली जातात. तोच मुहूर्त धरून आम्ही यवतमाळातील एका वृद्ध कातारी कारागिराच्या दुकानी गेलो.

कातणे : एक धातू, दोन कामे

‘कातारी’ हा शब्द आता नव्या पिढीच्या कानावरून जात नाही. लोक ‘खरादवाला’ म्हणतात. लाकूड फिरते ठेवून त्याला पटाशी लावून गोल आकार देणारा तो कातारी. त्याचे काम ते कातकाम, आणि त्याने घडविलेला तो कातीव खांब. आपल्या घरात डोळे उघडून पाहिले तर या कामाशिवाय दिवस उजाडत नाही. पोळी लाटण्याचे लाटणे कातीव, ताक घुसळण्याची रवी कातीव, देव्हाऱ्याचे खांब कातीव, पाळण्याचे दांडे कातीव, पोरांचा भोवरा कातीव. नव्या नवरीच्या फणीकरंड्यातला कुंकवाचा करंडा तर कातकामाचा मुकुटमणी. तळकोकणात सावंतवाडीच्या चितार आळीत असे करंडे आणि लाकडी फळेखेळणी परंपरेने होत आली. तिथल्या शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या वर्षांत राजवाड्यातच कारागीर बसवून लाखकाम आणि गंजिफा यांना पुन्हा ऊर्जितावस्था दिली. आमच्या जिल्ह्याला लागून पैनगंगेपलीकडे निर्मलची खेळणी होतात. परंतु ती हलक्या लाकडातून कोरलेली, कातलेली नव्हेत.

मराठीत सूतही कातायचे आणि लाकूडही कातायचे. हा योगायोग नाही. पाणिनीय धातुपाठात ‘कृत्’ हा धातू दोनदा येतो : एकदा तुदादि गणात, छेदणे या अर्थी, एकदा रुधादि गणात, वेढणे या अर्थी. छेदून लाकूड घडते, वेढून सूत निघते. दोन्हीकडे वस्तू स्वतःभोवती फिरते आणि हात स्थिर राहतो. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत तक्षणाच्या शेजारीच तर्कुकर्म येते; तर्कु म्हणजे चाती. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा, आणि रानाने वेढलेलाही. म्हणजे कातण्याचे दोन्ही अर्थ आमच्या मातीत आहेत. पन्नास वर्षे संस्कृत वाचून हे कधी ध्यानात आले नाही. ते एका लाकडाच्या भुशाने भरलेल्या दुकानात आले.

हळदूचे लाकूड

कोणते लाकूड घ्यावे, हा पहिला प्रश्न. यवतमाळ म्हटले की सागवान. घाटंजी, पांढरकवडा, पुसदच्या रानांतला साग इमारतीला उत्तम. परंतु कातारीबुवांनी मान हलविली. “सागात रेती असते बुवा. पटाशीची धार खाऊन टाकते. बारीक कामाले हळदू पाह्यजे.” सागाच्या लाकडात वाळूच्या जातीचा अंश असतो आणि त्याने हत्यार लवकर बोथट होते, हे त्यांनी अनुभवाने सांगितले; शास्त्रही तेच म्हणते.

हळदू हा आपल्या पानझडी रानातला मोठा वृक्ष. त्याचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे आणि कणांनी सारखे. म्हणून फण्या, करंडे, चात्या अशा बारीक गोल कामाला त्याला मान आहे. आमच्या कळंबचे जुने नाव कदंबपूर सांगतात. वनस्पतिशास्त्र कदंब आणि हळदू या दोघांना एकाच कुळात ठेवते, दोघांची फुलेही चेंडूसारखी गोल. ओवाळणीला हळदीच्या रंगाचे आणि आपल्या गावाच्या नावाशी नाते असलेले लाकूड मिळावे, याहून शुभशकुन तो कोणता?

परंतु वस्तूकरिता उभे झाड तोडणे आमच्या मनाला पटेना. आमच्या वडिलोपार्जित घराचा गोठा मोडकळीस आला होता. त्याची एक तुळई हळदूची निघाली. कित्येक दशके छपराखाली सुकलेली. कातारीबुवा तुळईवर बोटाच्या पेराने ठोकून म्हणाले, “हे तडकत नाई आता. याचं तडकणं होऊन गेलं.” ओले लाकूड कातले तर सुकताना ते बाहेरून आधी आकसते आणि चिरफाळते, जुने लाकूड आपला आकार धरून बसलेले असते. वाचकहो, मनुष्याविषयीही असेच म्हणता आले असते तर बरे झाले असते. आम्ही साठी ओलांडली तरी आमचे तडकणे बाकी होते, हे पुढे कळले.

माप घेताना

स्तंभाची आकृती आम्ही देवळाच्या दीपमाळेवरून घेतली. खाली रुंद बैठक, वर निमुळता होत गेलेला खांब, खांबातून आरपार तीन आडव्या दांड्या आणि शिरोभागी दिव्याच्या जागी एक झाकणाचा लहान करंडा. खालच्या दांडीवर पाटल्या आणि बांगड्या, मधल्या दांडीवर वजरटीक आणि मोहनमाळ, वरच्या दांडीवर सर्वांत लांब अशी पुतळ्यांची माळ, आणि करंड्यात नथ, कुड्या, जोडवी. अशी योजना केली.

माप घेतल्यावाचून कातारी पटाशी उचलत नाही. बांगडीचेच पाहा. कासार ‘दोन-चार’, ‘दोन-सहा’ असे माप सांगतो. त्यातला दुसरा आकडा इंचाचा सोळावा भाग असतो. दोन-चार म्हणजे आतून सव्वादोन इंच. दांडी दीड इंचाहून जाड झाली तर बांगडी सरकत नाही, फार बारीक झाली तर बांगड्या एकमेकींवर आपटतात. म्हणून आम्ही सौ.ना सांगितले, “सगळे दागिने एकदा माप घ्यायला दे.” ओवाळणी गुप्त ठेवण्याचा आमचा बेत तिथेच संपला.

त्यांनी लुगड्याच्या तुकड्यावर एकेक वस्तू मांडली. मोहनमाळ, वजरटीक, दोन पाटल्या, मोत्यांची नथ, कुड्या, जोडवी. आम्ही दोरा लावून लांबी टिपून घेतली आणि विचारले, “आणि पुतळ्यांची माळ?”

त्या म्हणाल्या, “ती नाही.”

“नाही म्हणजे? बँकेत आहे का?”

“नाही. विकली.”

केव्हा, हे विचारण्याचेही धैर्य होईना. त्यांनीच सांगितले. १९९७ सालच्या चातुर्मासात आमचा कंठ बसला होता. स्वरतंतूंवर गाठी आल्या, आणि दिवाळीनंतर नागपुरात शस्त्रक्रिया झाली. पुढे सहा महिने कीर्तन नाही, म्हणजे बिदागी नाही. त्या वेळी पैशाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा सौ. माहेरी जाऊन आल्या आणि म्हणाल्या, भाऊबीजेची ओवाळणी म्हणून भावाने दिले. आम्ही विश्वास ठेवला. नुसता विश्वास ठेवला असता तरी चालले असते. कंठ परत आल्यावर आम्ही तो प्रसंग कीर्तनात घेतला. नावगाव न सांगता, परंतु मोठ्या रंगात, भाऊबीजेच्या निरूपणात, बंधुप्रेमाचा दृष्टान्त म्हणून. पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही तो सांगत आलो. श्रोते डोळे पुसत. सौ. त्या श्रोत्यांत कित्येकदा बसलेल्या असत. त्यांचे बंधूही एकदा बसले होते. ते खाली मान घालून ऐकत राहिले, आणि आम्हांला वाटले, काय हा विनय!

आम्ही विचारले, “मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही मौनात होतात. सांगितलं असतं तर बोलला असता, आणि गळा गेला असता.” आणि मग थोडे थांबून, “नंतर तुम्ही इतकं छान सांगायला लागलात की मोडवेना.”

एकवीस पुतळ्यांची ती माळ त्यांच्या आईने त्यांच्या गळ्यात घातली होती. आम्ही विचारले, “लांबी किती होती, आठवतं?” त्यांनी कंठाच्या खळीपासून हात खाली आणला, क्षणभरही न थांबता एका ठिकाणी टेकविला आणि म्हणाल्या, “एवढी.” आम्ही तिथवर दोरा धरला. माप बारा इंच भरले.

विश्वकर्म्याच्या चाकावर सूर्य

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. जी कथा आम्ही असंख्य वेळा उत्तररंगात सांगितली ती नव्याने आठवली. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात ती आली आहे. विश्वकर्म्याची कन्या संज्ञा सूर्याला दिलेली. मनु, यम आणि यमी ही तिची अपत्ये. भाऊबीजेला आपण ज्यांचे स्मरण करतो ती ही यमयमुनेची जोडी. पतीचे तेज संज्ञेला सोसवेना. तिने आपली छाया घरात ठेवली आणि स्वतः अश्विनीचे रूप घेऊन रानात तप करू लागली. सूर्याला बराच काळ कळलेही नाही की घरात वावरते ती पत्नी नव्हे, तिची सावली आहे. छायेने यमाला शाप दिला, तेव्हा आई आपल्या मुलाला असा शाप देणार नाही, हे उमजून सूर्याचे डोळे उघडले. त्याने संज्ञेला शोधून घरी आणले. आणि मग सासऱ्याने जावयाला चाकावर चढविले. पुराणात शब्द आहे ‘भ्रमि’. म्हणजे फिरते यंत्र, आपल्या कातारीचे खराद. त्यावर विश्वकर्म्याने सूर्याचे तेज कातले. आठवा भाग कातून काढला. त्या कातलेल्या तेजाच्या किसातून विष्णूचे चक्र, शंकराचा त्रिशूळ, कुबेराची पालखी आणि कार्तिकेयाची शक्ती घडली.

कालिदासालाही ही प्रतिमा मोहवून गेली. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवरात अवंतीच्या राजाचे सुडौल शरीर वर्णिताना तो त्वष्ट्याने चाकावर चढवून कातलेल्या सूर्याची उपमा देतो. मत्स्यपुराणात असेही येते की सूर्याचे पाय कातावयाचे राहिले, म्हणून सूर्यमूर्तीचे पाय घडवू नयेत. ही सारी टिपणे आमच्या वहीत होती. श्रोत्यांना आम्ही सांगत असू की संज्ञा म्हणजे जाणीव आणि छाया म्हणजे अज्ञान. अर्थ खोटा नाही. परंतु कथेतला अगदी साधा अर्थ आम्ही ओलांडून गेलो होतो : पत्नीला तेज सोसवत नव्हते आणि पतीला त्याचा पत्ता नव्हता, उपाय म्हणून पत्नीला कुणी कातले नाही, पतीला कातले.

उपरणे आधी काढा

दुसऱ्या दिवसापासून सोळा दिवस आम्ही कळंबहून एस.टी.ने यवतमाळला जात होतो. पहिल्याच दिवशी कातारीबुवांनी आज्ञा केली, “बुवा, पयले उपरणं काढा. धोतराचा सोगाही खोसा. हे यंत्र महाराज वळखत नाई.” फिरत्या लाकडात वस्त्राचे टोक अडकले तर क्षणात मनुष्याला ओढून घेते. चाळीस वर्षे ज्या उपरण्याला लोक वाकून नमस्कार करीत आले, ते खुंटीवर टांगून आम्ही चष्मा घालून उभे राहिलो.

त्यांच्या वडिलांच्या वेळी विजेची मोटार नव्हती. लाकडाला दोरीचे वेढे द्यायचे, आणि पोराने ती दोरी ओढायची; लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पुढे फिरताना पटाशी लावायची, मागे फिरताना उचलायची. “अर्धं आयुष्य लाकूड उलटं फिरण्यात गेलं आमच्या बापाचं,” असे ते हसून म्हणाले. दोरी ओढणारे ते पोर म्हणजे ते स्वतः.

आता काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो, कारण ज्या घरात असे काही करण्याची हौस आहे त्यांना उपयोगी पडेल. चौरस तुकड्याच्या दोन्ही तोंडांवर कर्ण काढून मध्य शोधावयाचा. त्या दोन मध्यांवर तुकडा यंत्राच्या दोन टोकांत घट्ट धरावयाचा. त्याआधी चारही कोपरे तासून तो अष्टकोनी करावयाचा, म्हणजे पटाशीला झटके कमी बसतात. हत्यार ज्यावर टेकवावयाचे ती टेकणी लाकडाला लागता लागता राहील इतकी जवळ हवी. अंतर पडले की पटाशी आत खेचली जाते. बैठकीसारखी मोठी चकती असेल तर फेरे कमी ठेवावे लागतात, कारण व्यास वाढला की कडेचा वेगही वाढतो. आणि पटाशी दाबावयाची नाही, नुसती धरावयाची. दाबणारा शिकाऊ, धरणारा कारागीर.

आम्ही अर्थातच दाबली. पहिला खांब तिसऱ्या दिवशी मधोमध चिरला. दुसऱ्या तुकड्यात, तुळई जुनी असल्यामुळे, गोठ्याच्या काळचा एक खिळा दडलेला निघाला; ठिणगी उडाली आणि कातारीबुवांच्या चांगल्या पटाशीला खाच पडली. आमचा चेहरा उतरला. त्यांनी हत्यार दगडावर घासायला घेतले आणि एवढेच म्हणाले, “जुन्या लाकडात खिळा असतोच बुवा. ठोकणारा इसरते, लाकूड इसरत नाई.” त्यांना आमच्या घरची गोष्ट ठाऊक नव्हती.

तिसरा खांब उतरला. तो फिरत असताना त्याच्यावर त्याचाच भुसा मुठीत धरून टेकविला की चकाकी येते, हे तिथे शिकलो. दांड्या कातल्या, खांबाला गिरमिटाने भोके पाडली, दांड्यांना कुसू काढून ती बसविली. रंगाचा प्रश्न निघाला. लाख लावावयाची असेल तर लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, आणि केवड्याच्या पानाने घासली की आरशासारखी होते. ही लाख आपल्या रानातल्या पळसावरचा बारीक किडाच निर्माण करतो. परंतु आम्हांला हळदूचा पिवळा रंग झाकावयाचा नव्हता. म्हणून आपल्या वऱ्हाडच्या जवसाचे तेल हलक्या हाताने लावले आणि चार दिवस वाळू दिले. या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवावी. आणि मोत्याला तेल लागू नये, म्हणून स्तंभ पुरता वाळल्याशिवाय नथ त्याच्याजवळ आणावयाची नाही, हा त्यांचा शेवटचा उपदेश.

एक उपदेश आम्ही मानला नाही. वरच्या दांडीसाठी जोडीचा दागिना नाही, हे कळल्यावर त्यांनी विचारले होते, “एक दांडी कमी करू काय?” आम्ही नको म्हणालो. ती दांडी बैठकीपासून तेरा इंचांवर बसविली, म्हणजे बारा इंचांची माळ खाली टेकणार नाही.

वरची दांडी

पाडव्याला आम्ही कुठलेही कीर्तन घेतले नाही. अभ्यंगस्नान झाले, पाट मांडला, सौ.नी ओवाळले. आम्ही तबकाशेजारी स्तंभ ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला, वजन पाहिले, बैठक पाटावर हलते का ते पाहिले. मग डबा आणला. पाटल्या खालच्या दांडीवर सरकल्या, मोहनमाळ आणि वजरटीक मधल्या दांडीवर बसली, नथ करंड्यात गेली. वरच्या दांडीवर त्यांनी बोट फिरविले.

आम्ही म्हणालो, “सोन्याचा भाव आज आवाक्यात नाही. माळ परत करता येईल असं मी सांगू शकत नाही. पण जागा ठेवली आहे.”

त्या काही बोलल्या नाहीत. देवघरात गेल्या आणि चिंतामणीला वाहण्यासाठी रात्री करून ठेवलेली कापसाची वस्त्रमाळ घेऊन आल्या. आपल्याच जिल्ह्याचा कापूस, त्यांनीच वळलेला, अधूनमधून कुंकवाची बोटे लावलेली. ती त्यांनी वरच्या दांडीवर घातली. म्हणाल्या, “रिकामी कशाला ठेवायची? हिला जागाच नव्हती. उंदीर ओढून न्यायचे.”

तेव्हापासून ती दांडी रोज संध्याकाळी भरते आणि रोज सकाळी देवासाठी रिकामी होते.

दोन गोष्टी सांगून लेखणी ठेवतो. भाऊबीजेला आम्ही सौ.च्या माहेरी गेलो आणि त्यांच्या बंधूंपुढे हात जोडले. ते म्हणाले, “दाजी, मी तेव्हा फार अडचणीत होतो. ताईला मी काहीच देऊ शकलो नव्हतो. तुम्ही कीर्तनात सांगायचात, तेव्हा दर वेळी वाटायचं, जमीन दुभंगावी.” आमच्या सुरस दृष्टान्ताने इतकी वर्षे एका भल्या माणसाला असे कातले होते. तो दृष्टान्त आम्ही आता सांगत नाही. त्याच्या जागी कोणता सांगावा, ते सौ.ना विचारले. त्या म्हणाल्या, “देवळात आमचं काही सांगू नका. पेपरात लिहायचं तर लिहा. भावाचं नाव नको, रकमेचा आकडा नको.” त्या दोन्ही अटी आम्ही पाळल्या आहेत.

दुसरी गोष्ट सुज्ञ वाचकांसाठी. आज घरोघरी तबके सजतील, ओवाळण्या पडतील, कुणी सोने घालील, कुणी वस्त्र. ज्याला जे शक्य ते त्याने आनंदाने घालावे. मात्र ओवाळणी घालण्यापूर्वी एकदा घरातला तो पत्र्याचा डबा उघडून पाहावा, आणि त्यात काय आहे याबरोबरच काय नाही, हेही विचारावे. उत्तर ऐकताना तेज थोडे कमी होईल. विश्वकर्म्याने सूर्याचे काढले ते आठव्या भागाएवढेच. उरलेल्या सात भागांवर जग अजून चालले आहे.

श्रीचिंतामणीकृपेने हा दीपोत्सव सर्वांना सुखाचा जावो.